दोन गाठी

उद्यमनगरात सकाळी दहाला
भट्ट्यांचा वास आधी येतो,
दुकानं मागनं उघडतात.
रिक्षातून उतरता उतरताच छबूआत्तीनं विचारलं,
"पाती कुठं मांडल्यात?"

भिंतीला टेकून उभी होती.
चार फुटी, पाच फुटी, सहा फुटी,
लाल, निळी, एक अजून रंग न दिलेलं,
पोटात जरा खोलगट,
गंगावेशीत धारेसाठी आणून उभ्या केलेल्या
म्हशींसारखी निवांत.

दुकानदार माझ्याशी बोलायला लागला.
ट्रॅक्टर केवढा, किती एचपी, रान किती.
"एकवीस," आत्ती म्हणाली. "मी चालवतो."
त्यानं खुर्ची पुसून पुढं केली.
ती बसली नाही.

"मग सहा फुटीच न्या की मावशी.
एका फेरीत काम."
आत्तीनं कमरेची सुतळी सोडली.
सुतळीला दोन गाठी.
पहिली मागच्या टायरांची, बाहेरून बाहेर,
चार फुटाला चार बोटं कमी.
दुसरी गुऱ्हाळाच्या दाराची, दगडापासून दगडापर्यंत.

दुसऱ्या गाठीच्या पुढं
सहा फुटी पातं वीतभर निघालं.
"त्यात काय?"
दुकानदारानं स्टँडवरच्या पात्याची पिन उपसली,
पातं तिरकं फिरवलं.
"असं करून आत घालायचं."
"रोज?"
"रोज."
"आपल्याच दारातनं रोज वाकडं होऊन जायचं?"
तो हसला. ती नाही.

चार फुटीला तिनं पायानं ढकललं.
ते लगेच हललं, तिथंच त्याचं संपलं.
"चिपाड ओढंल हे.
पुराचा गाळ वाळला की नुसतं वरनं घसरंल.
आन् तिरकं केलं तर टायरच्या आत.
म्हंजे आपणच सारवायचं
आन् आपणच पाय उमटवायचे."

पाच फुटीपाशी मात्र उकिडवी बसली.
पात्याच्या खालच्या पट्टीवरून अंगठा फिरवला,
भाकरीच्या कडेवरून फिरवतात तसा.
"ही उलटी हुती काय रं?"
प्रश्न दुकानदाराला नव्हता.
मागं वेल्डिंग करणाऱ्या नौशादनं काच वर केली,
"हुती की आत्ती. एक धार झिजली
की सहा बोल्ट काढायचे, वरची खाली घ्यायची.
दुसरी धार कोरीच असती."
"पाना कितीचा?"
"एकोणीस."
"एकोणीस," ती माझ्याकडं वळून म्हणाली. "ध्यानात ठेव."
त्या दिवशीचं माझं काम तेवढंच.
किंमत ठरताना तिनं मला चहा सांगायला पाठवलं.

टेम्पोत ती मागं बसली, पात्याजवळ.
शिवाजी पुलावर पंचगंगेचं वारं लागलं
तेव्हा दातांनी सुतळीची गाठ सोडवत होती.
सुतळी परत लागती, म्हणाली.
पहिली सुटली.
दुसरी ओढून ओढून बारीक झालेली,
तिथंच राहिली.

वडणग्याला पोचेपर्यंत ऊन कललं होतं.
जोडताना डावी पिन बसेना,
हातोडीचे दोन ठोके, एक शिवी,
मग बसली.

या अवजाराचं असं आहे,
चालवायचं पुढं आणि काम सगळं मागं.
आत्ती मान वळवून बसलेली,
एक हात स्टिअरिंगला, एक लिव्हरला.
गुऱ्हाळाबाहेरची राख, चिपाडाचा भुगा,
गेल्या हंगामातल्या गाड्यांच्या चाकोऱ्या
पात्यापुढं गोळा होऊन सरकत होत्या,
आणि मागं जमीन नुसती पडून होती,
ट्रॅक्टर तिथून गेलाच नसल्यासारखी.

मग दार आलं.
दोन्ही अंगाला दोन-दोन बोटांची जागा.
मी ओरडलो, "सावकाश!"
तिनं गिअर बदलला नाही,
दगडांकडं बघितलं नाही.
दगड मीच बघत होतो,
मुठीत ती सुतळी,
एका गाठीची.