समुद्र, तिसऱ्या रांगेपर्यंत

कादंबरीत एकूण अकरा माणसं मरतात.
मी पेन्सिलीने मोजली, समासात रेघा मारत,
कारण मुख्याध्यापक म्हणाले होते,
"बालवाडीची पोरं येतील, आयाबाया येतील,
शिवाय पाहुणे म्हणून डॉक्टर आहेत.
कुणी मरायला नको."

म्हणून आमच्या नाटकात
कड्यावरून ढकललेला चाचा कडब्याच्या गंजीवर पडतो,
जहाजावरच्या पिंपात मठ्ठा असतो,
आणि म्हातारा खलाशी शेवटी बुडत नाही,
बहिणीच्या गावाला जातो.

समुद्र पुखराज शेठनी दिला.
निळी ताडपत्री, चाळीस फूट लांब,
हंगामभर तिच्यावर मिरची वाळलेली.
आम्ही ती दोनदा धुतली.
धुतली म्हणजे मिरची गेली,
असं दोंडाईच्यात तरी कुणी म्हणत नाही.

तालमीत आठवीच्या चार पोरांनी समुद्र हलवला
तो चादर झटकावी तसा.
झिपरू भोई मागे बाकावर बसला होता, नातवाला न्यायला आलेला.
तापीवर पूल नव्हता तेव्हा नाव चालवायचा.
उठून आला.
"पानी असं हालत नही, मॅडम.
पानी पहिले खाले हालस,
मंग वर दिखस."
एक कोपरा धरला, फक्त मनगट हलवलं.
लाट आली.
पुढे बसलेल्या दोन पोरींनी पाय वर घेतले.

त्यालाच मग म्हातारा खलाशी केला.

प्रयोगाच्या रात्री कप्तान तेजल गिरासे
वडलांचा लग्नातला फेटा बांधून उभी,
आणि पहिल्याच वादळात ठसका उठला.
आधी पोपट शिंकला (अरबाज पिंजारी, पाचवी ब),
मग चाचे, मग डॉक्टर,
मग तिसऱ्या रांगेपर्यंत सगळं गाव.
तेजलने पुठ्ठ्याची तलवार काखेत धरली, नाक पुसलं
आणि माझ्या संहितेत कुठेच नसलेलं वाक्य टाकलं :
"हा शत्रूचा वारा आहे! डोळे मिटून लढा!"
दोन्ही बाजू डोळे मिटून लढल्या.
खजिन्याची पेटी कुणाच्या तरी पायात येऊन उलटली,
बिस्किटांचे सोनेरी कागद पार हार्मोनियमपर्यंत.
इतकं हसलेलं गाव मी पाहिलं नव्हतं.

मग झिपरू.
त्याने म्हणायचं होतं, "येतो रे पोरांनो,"
आणि उजवीकडून जायचं होतं.
तो सरळ समुद्रात उतरला.
पोरांना काही कळेना, पण मनगटं थांबली नाहीत.
ताडपत्री गुडघ्याला, कमरेला,
मग खांद्याला.
एक हात वर राहिला,
पलीकडच्या काठावरच्या कुणाला
थांब म्हणावं तसा.
मग तोही नाही.

मी विंगेत पानं उलटत राहिले.

नंतर डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "मिरची फार हो तुमच्याकडे."
मुख्याध्यापकही म्हणाले, मिरचीच.

झिपरू ताडपत्रीची घडी घालत होता,
कोपऱ्याला कोपरा लावून, सावकाश.
मी म्हटलं, "दादा, बहिणीकडे जायचं ठरलं होतं ना आपलं?"
"तठेच गवू, मॅडम," तो म्हणाला.
"ती तठेच शे."
आणि दुसरं टोक धरायला
त्याने पोपटाला हाक मारली.