बाबा, जुना नंबर

किसुमूत सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माझं केस विणायचं दुकान आहे.
दोन खुर्च्या, एक आरसा
आणि एक ड्रायर, जो एप्रिलमध्ये जळाला.
चार हजार शिलिंग हवे होते.
फोन म्हणाला, तीन मिनिटांत देतो,
फक्त एकदा ‘मान्य’ म्हण.
गिऱ्हाईक अर्ध्या वेण्यांवर खोळंबलेलं,
माझ्या बोटांना तेल.
करंगळीनं दाबलं.

काय काय मान्य केलं ते मागाहून कळलं.
त्यांनी माझी माणसं उचलून नेली,
मी ठेवली होती त्याच नावांनी:
चर्च रोझलिडा.
ओमेना सुकटवाली.
पीटर शाळा. पीटर दुसरा. पीटर खोटा.
डॉक्टर ओरडणारा.
नको उचलू.
बाबा.

हप्त्याला आठ दिवस उशीर झाला
तेव्हा नैरोबीत कुठल्याशा मजल्यावर
एका पोरानं हेडफोन चढवला
आणि माझी माणसं वाचायला घेतली, वरून खाली,
मास्तर हजेरी घेतात तशी.
पोरगा सभ्य होता म्हणे.
आधी सगळ्यांची खुशाली विचारायचा,
मग सांगायचा, अपोंडी तुम्हाला जामीन ठेवून पळाली.

रोझलिडानं रविवारी माझ्यासाठी प्रार्थना केली,
मोठ्यानं, नाव घेऊन.
इतक्या प्रेमानं कुणी अब्रू काढली नव्हती.
सुकटवालीनं माप हात आखडून भरलं.
पीटर खोटा खराच निघाला, सातशे पाठवले.
आणि ‘नको उचलू’नं उचलला.
सहा वर्षं ज्याला माझा माग लागू दिला नाही
त्याला त्या पोरानं
दुकानाच्या दाराचा रंगसुद्धा सांगितला.

मी दार रंगवलं. कुलूप बदललं.
पैसे फेडले, व्याजासकट, शिव्यांसकट.
हिरव्या फुलांचा ‘धन्यवाद’ आला.
यादी आली नाही.
दळून झाल्यावर जात्याकडे दाणे मागतं का कुणी?

जूनमध्ये सट्टेवाल्यांचा निरोप: अपोंडी, आज तुझा दिवस.
मग विमा. मग दुसरं कर्ज, पहिल्याच्या तोंडावळ्याचं.
मग एक बाई, जिला माझ्या पोराचा दमा ठाऊक,
पंप कुठल्या कंपनीचा तेही.
विचारलं, माझं नाव कुणी दिलं तुला?
ती म्हणाली, कुणी नाही मॅडम, तुम्ही शीटमध्ये आहात.
जणू माझं बाळंतपण तिथेच झालं होतं.

त्याच आठवड्यात, रात्री दोनला, ‘बाबा’ वाजला.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली.
नंबर पुसायला हात धजला नव्हता.
स्क्रीनवर त्यांचा टोपीतला फोटो,
एक डोळा उन्हानं मिटलेला.
मी उचलला. बोलले नाही.

“मी चेरुइयोत,” आवाज म्हणाला.
“केरिचोला, चहाच्या कारखान्यात रात्रीचा राखणदार.
हे सिम मी गेल्या वर्षी घेतलं.
लोक फोन करून सांगतात, तुमची मुलगी कर्जबुडवी.
आज अकरावा.
मला मुलगी नाही.
तुमचा नंबर त्यांनीच दिला, मी मागितलासुद्धा नव्हता.”
मागे यंत्रं गरगरत होती. पानं वाळत असतील.
“मी त्यांना म्हटलं,
माझी पोर कुणाचं बुडवत नाही.
म्हटलं, पुन्हा फोन केलात तर केरिचोला या, समोर बोलू.
तुम्हाला न विचारता म्हटलं.
चुकलं असेल तर सांगा.”

मी म्हणाले, नाही, चुकलं नाही.
मग बराच वेळ आम्ही दोघं
त्याचे पैसे जळत असताना गप्प राहिलो.

पहाटे नव्या ड्रायरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
त्यावर पेन्सिलीनं तो नंबर उतरवला,
एकेक आकडा दोनदा ताडून,
आणि चार वर्षं जो पुसवला नव्हता
तो फोनमधून पुसला.

पुठ्ठा आरशामागे आहे.
त्यावर नाव लिहिलेलं नाही.