बिरड्याचा सण

परवा रात्री वाल भिजत घातले,
काल फडक्यात बांधून उबेला ठेवले,
आज कोमट पाण्यात बसलेत, शेपट्या काढून,
आणि मी एकेकाचं साल अंगठ्याने सरकवतोय.
आई हे काम गप्प बसून करायची,
कारण आज सुतक.

सुतक कुणाचं? एका मंदिराचं.
दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमात जळालेलं.
आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं ते.
नवगावच्या खडकावर तारू फुटलं म्हणतात,
तेव्हा पोथ्या बुडाल्या, भाषा बुडाली,
निघून किती वर्षं झाली तो हिशेबही.
उरलं एवढंच, की शनिवारी घाणा बंद ठेवायचा
आणि वर्षातून एकदा, का ते न आठवता,
जमिनीवर बसून कडवे वाल खायचे.

शेजारच्या प्रधानवहिनी म्हणतात,
बिरडं म्हणजे आमचंच हो.
असेल.
आम्ही त्यात फक्त एक शहर घातलं.

मिल्का गेली एकाहत्तर साली,
नवरा, दोन ट्रंका, नारळ खवायची विळी.
टेंभी नाक्यावर टॅक्सी थांबवून बाबा म्हणाले,
रडतेस काय, माहेरी चाललीस.
आम्ही सगळे त्या न पाहिलेल्या माहेराला हात हलवत राहिलो.
तिथल्या कचेरीत कारकुनाने विचारलं,
तुम्ही आमच्यातल्याच, याला पुरावा?
ठाण्यात हे कधी कुणी विचारलं नव्हतं,
शनवारतेली म्हटलं की भागायचं.
ती म्हणाली, आम्ही बिरडं खातो.
दुभाष्याला शब्द सापडेना.

इथे ती इस्राएल होती,
तिथे होदी झाली, म्हणजे हिंदुस्थानी.
मुलगे तिथल्या भाषेत भांडतात,
नातवाच्या खांद्यावर बंदूक आली,
आणि मराठी तिच्यापाशी राहिली
डब्याच्या तळाशी मसाला राहतो तशी.

रविवारी फोन येतो, अश्दोदहून, चित्रासकट.
कधी मधेच भोंगा वाजतो,
ती फोन टेबलावर टाकून जिन्याकडे पळते
आणि मी चराईतल्या खुर्चीत बसून
तिची रिकामी खोली बघत राहतो:
फ्रीज, गोळ्यांचा डबा,
भिंतीवर तलावपाळीचा फोटो, थोडा तिरका.
परत येते, धापा टाकत म्हणते,
हं, तर वाल किती रुपये झाले?

तिच्या गॅलरीखाली अंजिराचं झाड आहे,
कॉलनीच्याही आधीचं.
फार गोड, म्हणते.
एकदा मी विचारलं, लावलं कुणी?
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, आवाज तुटतोय तुझा.

मलाही बाबांनी कागद भरायला लावले होते.
वागळे इस्टेटीतली नोकरी, आईचा दमा,
मग आईचं दफन, आणि थडग्याला माणूस हवा की नको.
कारणं खरी होती.
तरी दर वल्हांडणाला पेला उचलून
पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये म्हणतो,
आणि म्हणताना खोटं वाटत नाही.
तिकीट काढायचं असतं ते शहर वेगळं,
हे तोंडातलं वेगळं.

काल तिला सांगितलं,
सिनेगॉगमध्ये आता दहा पुरुष जमवायला
फोनवर फोन करावे लागतात.
हेखालकडे तोंड करून उभा राहिलो, पश्चिमेला,
तर शेजारी नुसती बाकं.
ती म्हणाली, आम्ही पूर्वेकडे उभे राहतो रे.
यरुशलेम इथून पूर्वेला येतं.

मी मनात नकाशा पसरला.
म्हणजे एवढी वर्षं आम्ही दोघं
समोरासमोर उभे आहोत,
आणि मधे ते शहर.
तिला सांगणार होतो,
पण ती विचारत होती, गूळ घालतोस ना थोडा?

शेवटी चार गणंग निघाले.
दोन रात्री पाण्यात राहून न भिजलेले,
दगडासारखे.
टाकून द्यायचे असतात.
मी ते ओट्यावर ठेवलेत, एका बाजूला.