सातशे सत्त्याहत्तर

बाणेर. रात्रीचे पावणेबारा.
ऑफिसचा एसी बंद झालाय,
आणि लोमटे मला समजावतोय
जे मला कळून चुकलंय :
फ्रेमवर्कचा अपडेटर रूट म्हणून उठतो,
तात्पुरत्या फोल्डरातली फाइल उचलतो,
ती तिथं कुणी ठेवली, विचारत नाही.
म्हणजे साधा युजर,
ज्याला फक्त अहवाल वाचायची मुभा,
एक फाइल ठेवून गेला
की घराचा मालक.

गंभीरता दहापैकी सात पूर्णांक आठ.
दोषाच्या नावाचं मी मनात मराठी केलं : हक्कवाढ.
हसू आलं.
आमच्या ताडीवाला रोडला हा शब्द
मोर्चाच्या फलकावर शोभला असता.

पायरी ओळखून राहावं, हे मला
शाळेत एका बाईंनी सांगितलं,
दुकानदारानं न बोलता, सुटे पैसे वरून टाकून,
पहिल्या कंपनीत एकानं इंग्रजीतून.
आता पगार घेऊन मी तेच
एकेचाळीस मशीनना शिकवणार.

अण्णा सेंट्रल बिल्डिंगमध्ये शिपाई.
खिशात बावीस किल्ल्यांचा जुडगा.
साहेबांच्या आधी प्रत्येक खोली तेच उघडायचे,
एकाही खोलीत बसायचे नाहीत.
किल्ली वेगळी, अधिकार वेगळा,
हे पुस्तकात वाचलं तेव्हा
मला नवीन वाटलं नाही.
त्यांच्या पँटचा उजवा खिसा
नेहमी आधी फाटायचा.

पॅच आलाय. पण नुसता पॅच पुरत नाही.
ते फोल्डर मुळात सगळ्यांना उघडं कुणी ठेवलं?
लोमटे इतिहास मागे मागे नेतो.
सहा वर्षं. जूनमधला एक मंगळवार.
सातशे सत्त्याहत्तर :
वाचा, लिहा, चालवा, कुणीही.
शेजारी शेरा : तात्पुरतं. नंतर बदलू.
त्याच्या शेजारी माझं नाव.

मला तो मंगळवार आठवतो.
कळंबहून आलेला एक नवा मुलगा
दिवसभर एकाच ओळीसमोर बसून होता :
परवानगी नाही.
तीनदा पाणी प्यायला उठला.
कुणाला विचारायचा त्याला धीर होईना
आणि मला ते बघवेना.
मी जाऊन दार सताड उघडलं,
म्हटलं, कर आता.

तो मुलगा म्हणजे लोमटे.
तो आत्ता माझं नाव वाचतो,
खुर्ची जराशी मागे घेतो.
"मॅडम, चहा सांगू का?"
एवढ्या रात्री कुठला चहा.

मग बोलणं नाहीच.
एकेक मशीन. पॅच, फोल्डरचे हक्क काढून घेणं, रीस्टार्ट.
सव्विसावं उठायला नऊ मिनिटं लागली,
लोमटेनं अंगठ्याचं नख संपवलं.

पहाटे तीन चाळीसला मी स्वतः
साधा युजर होऊन आत गेले,
फाइल ठेवली, वाट पाहिली.
परवानगी नाही.
आयुष्यात पहिल्यांदा हे वाचून बरं वाटलं,
आणि बरं वाटलं याचं बरं वाटलं नाही.

एक मशीन उरलंय.
कोथरूडच्या पतसंस्थेचं, जुन्या आवृत्तीवरचं.
पॅच लावला तर व्याजाचा हिशोब कोलमडतो,
आणि बंद करायला त्यांची परवानगी लागते.
मॅनेजर साडेदहाला फोन उचलतात.
तोवर ते तसंच, उघडं.

हवा खायला खाली आले,
कार्ड वर टेबलावरच राहिलं.
दाराशी घोलप. सहा वर्षं रोजचा नमस्कार.
"ओळखतो ना मॅडम. पण कार्डाशिवाय नाही."
राग यायला हवा होता.
त्यांचं ते पद्धतशीर नाही म्हणणं
मी नीट ऐकून घेतलं.

आता पायरीवर बसलेय.
हायवेवरून साताऱ्याकडे ट्रक चाललेत.
लोमटेला सांगितलंय, कार्ड घेऊन ये.
लिफ्ट अजून सातव्यावरच दाखवतेय.