सव्वीसचा पट

शंभर ग्रॅम तांदूळ, एका लेकराला.
वजनकाटा मागून आला,
आमचं माप म्हणजे तेलाचा डबा, कड कापलेला.
नऊ मापं शिजायची तेव्हा पट नव्वदचा होता
आणि पातेलं उतरवायला दोघी लागायचो,
मी अन् मैना.

खडकवाडीहून गंगाखेडला सडक झाली,
सडकेवर आधी पिवळी गाडी आली.
लोक म्हणतात, गाडीनं शाळा मोडली.
मला विचाराल तर थोडं आधीपासून सांगते.

मैना कामाला लागली त्या जूनमध्ये
जगनराव शाळेत आले,
चुलीपाशी उभं राहून बघितलं
वरणात पळी कोण फिरवतंय.
काही बोलले नाहीत. भला माणूस.
सोमवारी त्यांची दोन्ही नातवंडं इंग्रजीला गेली.
मग भावकीतली पाच.
मग ज्यांना भावकीसारखं दिसायचं होतं, ते.
काहून म्हणलं की सगळ्यांचं एकच: इंग्रजी.
केवढा सोयीचा शब्द,
काहीही झाकतं त्याच्याखाली,
पातेल्यावर परात ठेवावी तसं.

आणि मी काय केलं?
म्हणलं, मैने, तू तांदूळ निवड,
वाढायचं मी बघते.
गुरुजींनी ऐकलं,
खाली मान घालून
वरून आलेला कुठला तरी तक्ता भरत राहिले.

खोटं कशाला बोलू, बाकीची कारणंही होतीच.
पाच वर्गांना दोन गुरुजी,
त्यातला एक कायम मतदारयाद्या घेऊन उन्हात.
तिसरीचा पत्रा गळायचा
म्हणून तिसरी दुसरीत बसायची,
दोन्ही वर्ग मिळून एकच पाढा.
लग्नात पाहुणे विचारायचे, पोरगं कुठं शिकतंय?
"इथंच" म्हणताना माझ्या भागवतचा आवाज
तांब्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा.

पट पन्नास झाला. मग एकोणचाळीस.
कारखान्याकडं टोळ्या गेल्या की अजून खाली.
मग सव्वीस.

सव्वीसला किती किंमत असते
ते एका कागदानं कळलं:
सव्वीस लेकरांना दोन बाया,
पंचवीसला एक.

त्याच उन्हाळ्यात भागवतनं
तीन शेळ्या विकून फी भरली.
श्लोकचा दाखला आणायला मीच गेले,
शाळेची किल्ली माझ्याकडंच असायची.
"शाळा सोडण्याचे कारण"
ह्या रकान्यापाशी गुरुजींचा पेन थांबला.
त्यांनी माझ्याकडं बघितलं.
बाहेर मैना भांडी घासत होती,
राखेचा आवाज येत होता.
म्हणलं, इंग्रजी लिहा.

मी जुनी, म्हणून मी राहिले.
मैनानं पळी धुतली,
खिळ्याला अडकवली,
माझ्याकडं बघितलं नाही.
बघायला पाहिजे होतं.

आता अडीच मापं.
पातेलं मी एकटी उतरवते.

सकाळी साडेसातला गाडी येते,
तिच्या दारात मावशी म्हणून मैना उभी असते,
निळं जाकीट, गळ्यात शिट्टी.
जगनरावांची धाकटी नात
तिच्या मांडीवर बसून जाते,
रडली तर मैना डबा उघडून
तिच्या तोंडात घास घालते.
जगनराव ओट्यावरून बघतात,
काही बोलत नाहीत.

श्लोक एका पायात बूट घालून पळत सुटतो,
मैना वाकून त्याचा हात धरते,
वर ओढून घेते.
मी म्हणते, नीट ने गं, मैने.
दार लावता लावता ती म्हणते,
"मीठ कमी पडतंय तुझ्या वरणात.
आम्रपाली सांगत होती."

आम्रपाली तिची लेक.
चौथीत.
पंचविसातली.