रकाना

तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट, पहाटेचे पाच.
गोण्यांच्या थप्पीवरच मशीन मांडते.
बयाजी शेलार दंड पुढे करतात,
पट्टा पुरत नाही. मोठा काढते.
'मला काय झालंय, सिस्टर?'
'काही नाही. म्हणून तर आले.'

एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे आठ.
पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजते. तेच.
मी लोणच्या-पापडाचं विचारते,
ते पाटणच्या घराच्या स्लॅबचं सांगतात.
चिठ्ठी घडी करून टोपीत जाते.

सहा महिन्यांनी
तेच, पाठीवर गोणी,
सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट डोकावणारं.
ओळख दिली नाही. घाईत होते.

रजिस्टर उघडलं.
जे घडलं नाही
त्याला रकाना नसतो.
समासात एक टिंब दिलं,
आणि पुढच्याला म्हटलं, बाही वर घ्या.