पडताळा

कार्डावर सोनेरी अक्षरं:
धुमाळ कन्स्ट्रक्शन, शासनमान्य.
मी विचारलं, कोणत्या शासनानं?
तो हसला. मग जरा कमी हसला.

तेहतीस वर्षं मी वजनमापे खात्यात काढली.
मंडईतलं कोणतं पारडं खोटं,
कुणाच्या किलोच्या बुडातलं शिसं
खरवडून काढलंय,
हाताला आधी कळायचं, डोळ्यांना नंतर.
आता धनकवडीतल्या माझ्याच दोन खोल्यांवर
तिसरी चढवायची.
थोरली परत आलीय. पाहुणी म्हणून नाही.

तिच्या वेळी अठ्ठावीस गुण जुळले होते.
पत्ते नव्हते मागितले मी कुणाचे.

महापालिकेत, खिडकीमागच्या झगडेबाई म्हणाल्या,
"काका, घर बांधून देतो म्हणणाऱ्याला
तसा परवानाच नसतो.
प्लंबरला असतो, वायरमनला असतो,
आराखड्यावर सही करतो त्या इंजिनिअरला असतो.
बाकी सगळा मामला तोंडाचा.
नंबर आणलाय?"

आणला होता. कार्डाच्या तळाशी, मुंगीएवढा.
बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.
नंबर खरा. नाव दुसरं.
धुमाळ तुळशीराम गणपत, प्लंबर,
मुदत संपून अकरा वर्षं.

जिन्यात थांबून मी दम घेतला.
पूर्वी खोटा शिक्का सापडला की
पोटात बारीकसा आनंद व्हायचा,
कुणाला सांगू नये असा.
आज नाही झाला.

संध्याकाळी त्याला समोर बसवलं, चहा दिला.
पंचनाम्याआधी चहा, ही खात्यातली जुनी खोड.
"तुळशीराम कोण?"
"वडील. गेले."
"नंबर त्यांचा आहे."
"हात पण त्यांचेच," म्हणाला,
आणि दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले,
सिमेंटनं खाल्लेले,
मूळ प्रत दाखवावी तसे.

मी म्हटलं, हात वारशानं येतो रे,
परवाना येत नाही.
तीन पत्ते दे. तीन पावसाळे झालेली कामं.

बिबवेवाडीत एका बाईंच्या न्हाणीघरात
मी बादलीभर पाणी ओतलं आणि उकिडवा बसलो.
पाणी क्षणभर थांबलं, आठवून बघितल्यासारखं,
मग मुकाट जाळीकडे गेलं.
कोपरे कोरडे.
आंबेगावला दार चौकटीत अडकत होतं.
मालक म्हणाले, दोनदा आला, फुकट रंधा मारून गेला.
तिसऱ्यांदा फोन उचलला नाही.
तिसऱ्या पत्त्यावर कुलूप.

आता हे कोणत्या रजिस्टरात चढवायचं?
अशा मालावर शिक्का कुठे मारतात
ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

वहीत लिहिलं: इंजिनिअर मी नेमणार, माझ्या पैशानं.
वायरिंगवाल्याचा परवाना मूळ बघणार, झेरॉक्स नको.
जेवढं काम उभं तेवढेच पैसे.
आणि कार्डावरचं शासनमान्य खोडायचं.

बाकी सगळ्याला मान हलवली. शेवटच्याला अडला.
"पाचशे छापलीत, काका."
"मग पाचशे वेळा खोड."
त्यानं माझ्यासमोर एक खोडलं.
उरलेली खिशात गेली. मी मोजली नाहीत.

थोरली दाराशी उभी होती कधीची.
दोन महिन्यांत परक्या माणसाशी
पहिल्यांदा बोलली:
"वरच्या खोलीला कडी आतून लागेल ना?"
"लागेल की, ताई. चांगली पितळी लावतो."
"लावा," ती म्हणाली.
"मी आत जाऊन लावून बघेन.
तुम्ही बाहेरून ढकला.
मग बाबा पैसे देतील."